देव तारी… मग बाकीच्यांचं काय?

21 फेब्रुवारी 2013, गुरुवार. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. संध्याकाळी सातच्या सुमारास दिलसुखनगरच्या गजबजलेल्या रस्त्यावर सायकलींवर ठेवलेले दोन बॉम्ब काही मिनिटांच्या अंतराने फुटले. बाबा रोज साधारण त्याच वेळी तिथल्या स्टॉपवर बसमधून उतरायचे. त्या दिवशी त्यांना ऑफिसातून निघायला उशीर झाला. फोन लागत नव्हते. आई दारात, आजी जपमाळ घेऊन कोपऱ्यात. नऊ वाजून गेल्यावर बाबा चालत घरी आले. आजीने त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "देवानं राखलं रे बाबा. देव तारी त्याला कोण मारी!"

दुसऱ्या दिवशी उपवासकाळातला शुक्रवार होता. चर्चमध्ये 'क्रुसाची वाट' करून परत येताना मी विचारलं, "आजी, देवाने आपल्या बाबांना राखलं. मग बाकीच्यांना का नाही राखलं?" पेपरमध्ये गेलेल्यांचे फोटो आले होते. त्यात शिकायला आलेली मुलंही होती. आजी थांबली, मग म्हणाली, "असं विचारू नये, पोरी."

आज मी एकवीस वर्षांची आहे. मेट्रोने कॉलेजला येताना रोज त्या रस्त्यावरून जाते. प्रश्न काही आपोआप सुटला नाही. उलट साहित्य आणि धर्मशिक्षण दोन्ही वाचताना लक्षात आलं की माझ्या त्या बालिश प्रश्नावर ख्रिस्ती विचारवंत दीड हजार वर्षांहून जास्त काळ भांडत आलेत. तारण कुणाचं होणार हे देवाने आधीच ठरवलं आहे का? ठरवलं असेल, तर माझ्या 'हो' किंवा 'नाही'ला काय अर्थ? या अंकासाठी अभ्यासलेख लिहायचा म्हटल्यावर मी हाच विषय घेतला. मी धर्मशास्त्राची विद्यार्थिनी नाही, तेव्हा शब्दांपासून सुरुवात करते. ते आपल्या मंडळाचं कामच आहे.

तारण, नेमणूक आणि नशीब

पहिली गोष्ट म्हणजे आजीच्या वाक्यात दोन वेगळे अर्थ एकत्र आलेत. बॉम्बमधून वाचणं हा एक. ख्रिस्ती मराठीत ज्याला आपण 'तारण' म्हणतो, म्हणजे पापापासून सुटका आणि देवाशी कायमचं नातं, तो दुसरा. ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे त्या संध्याकाळी जे वाचले त्यांचं तारण झालं आणि जे गेले त्यांचं झालं नाही, असं मुळीच नाही. येशू स्वतः तरुण वयात क्रुसावर मेला. देहाने वाचणं हीच जर देवाच्या निवडीची खूण असेल, तर सगळ्यात आधी तोच त्या यादीतून बाहेर पडेल. तरीही दोन्हीकडे प्रश्न एकाच आकाराचा आहे: याला का, त्याला का नाही?

दुसरी गोष्ट 'आधीच ठरलेलं' या कल्पनेची. आमच्या बिल्डिंगमध्ये याला तीन भाषांत शब्द आहेत. तेलुगू शेजारी 'तलरात' म्हणतात, म्हणजे डोक्यावरचं लिखाण. खालचे दुकानदार चाचा 'नसीब' म्हणतात. आणि मराठीत सटवाई बाळाच्या कपाळावर लिहून जाते. तलरात आणि सटवाई या दोन्हींत लिखाण आहे, पण लिहिलेल्याशी बोलता येत नाही. कपाळाला काय विचारणार?

मराठी बायबलमध्ये मात्र पौलाच्या पत्रांत या ठिकाणी 'नेमणे' हे क्रियापद येतं. नेमायला कुणीतरी नेमणारा लागतो, आणि ज्याला नेमलं त्याला कशासाठी तरी नेमलेलं असतं. अभ्यासू लेखनात 'पूर्वनियती' असा शब्द दिसतो, पण त्यात मागच्या दाराने नियती घुसते. म्हणून मी इथे 'पूर्वनेमणूक' म्हणणार आहे. तिच्या समोरचा शब्द 'इच्छास्वातंत्र्य'.

आपल्याकडच्या परंपरेतही सगळं कपाळावर सोपवलेलं नाही, हे सांगायला हवं. कर्माच्या विचारात संचित आणि प्रारब्ध यांच्या शेजारी 'क्रियमाण' आहे, म्हणजे आता करत असलेलं कर्म. 'देव तारी त्याला कोण मारी' म्हणणारी हीच मराठी 'असेल हरी तर देईल खाटल्यावरी' म्हणून आळशाची चेष्टाही करते.

पौलापासून ऑरेंजपर्यंत

या वादाची मुळं पौलाच्या लेखनात आहेत. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या-नवव्या अध्यायांत तो देवाने आधीच नेमलेल्यांबद्दल बोलतो, कुंभार आणि मातीचा दाखला देतो. पण तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (2:4) देवाला सर्वांचंच तारण हवं आहे असं येतं. आणि फिलिप्पैकरांस पत्रात (2:12–13) तर दोन्ही बाजू एकाच दमात आहेत: तुमच्या तारणासाठी तुम्ही झटा, कारण तुमच्यात काम करणारा देव आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा 'कारण'ऐवजी 'पण' असायला हवं होतं असं वाटलं. पौलाने 'कारण' म्हटलंय. या विषयाची सगळी गंमत आणि सगळी अडचण त्या एका शब्दात आहे.

पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनचा पेलागियस म्हणू लागला की माणूस मनात आणेल तर स्वतःच्या बळावर चांगलं वागू शकतो. देवाने नियम दिला, ख्रिस्ताचं उदाहरण दिलं, आता पुढचं तुमचं तुम्ही बघा. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन (354–430) यांनी याला कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की माणसाची इच्छा जखमी आहे, देवाकडे वळावंसं वाटणं हीसुद्धा देवाचीच कृपा आहे. 418 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलागियसची शिकवण नाकारली.

पेलागियसचं मत आधी मला मॉडर्न वाटलं होतं. नीट विचार केल्यावर ते निर्दय वाटलं. दिलसुखनगर हा कोचिंग क्लासचा भाग आहे. 'मेहनत केलीस तर मिळणारच, नाही मिळालं तर तूच कमी पडलास' हे वाक्य इथल्या हजारो मुलांनी ऐकलेलं असतं. पेलागियसचा देव अशा क्लासच्या सरांसारखा आहे. नोट्स देतो, रिझल्ट बघतो, रात्री कुणी रडत असेल तर त्याचा संबंध नसतो.

529 मध्ये आजच्या फ्रान्समधल्या ऑरेंजच्या धर्मसभेने तोल सांभाळला. श्रद्धेची सुरुवातसुद्धा कृपेनेच होते, असं तिने मान्य केलं. पण देवाने कुणाला वाईटासाठी नेमलं आहे, ही कल्पना तिने साफ नाकारली.

कॅल्विन आणि ट्रेंट

सोळाव्या शतकात हा प्रश्न पुन्हा पेटला. 1524 मध्ये इरास्मसने इच्छास्वातंत्र्याच्या बाजूने लिहिलं, 1525 मध्ये ल्यूथरने त्याला उत्तर दिलं की इच्छा गुलाम आहे. जॉन कॅल्विन (1509–1564) आणखी पुढे गेला: देवाने काहींना तारणासाठी नेमलं आहे आणि काहींना नाशासाठी.

मी कॅथलिक आहे, पण इथे कॅल्विनवर अन्याय करायचा नाही. हे ऐकायला भयंकर असलं तरी त्यामागे त्याला दिलासा द्यायचा होता. माझं तारण माझ्या डळमळीत मनावर नाही तर देवाच्या शब्दावर उभं आहे, असा तो दिलासा. ज्याने रात्री झोपताना 'मी पुरेशी चांगली आहे का?' असं स्वतःला विचारलंय, त्याला यातलं सुख कळेल. शिवाय देवाच्या गुप्त निर्णयात उगाच डोकावू नका, असं त्याने बजावलंही होतं.

कॅथलिक चर्चचं उत्तर 13 जानेवारी 1547 रोजी ट्रेंटच्या धर्मसभेत आलं. त्यातले मुद्दे सोप्या भाषेत असे:

1. सुरुवात देवाची. कृपेशिवाय माणूस तारणाकडे पहिलं पाऊलही टाकू शकत नाही.
2. पापाने इच्छास्वातंत्र्य दुबळं झालं, मेलं नाही. देवाच्या हाकेला माणूस 'हो' म्हणू शकतो आणि 'नाही'ही म्हणू शकतो.
3. खास प्रकटीकरण झाल्याशिवाय आपण निवडलेल्यांत आहोतच, असं कुणीही शंभर टक्के खात्रीने म्हणू शकत नाही.

तिसरा मुद्दा मला आधी उगाच घातलेला वाटला होता. आता वाटतं, माझ्या लहानपणीच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. त्याकडे शेवटी येते.

रोममध्ये भांडण, गोव्यात पुराण

आता आपल्या मराठीकडे. 1579 मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्याला उतरला आणि पुढची सुमारे चाळीस वर्षं तिथेच राहिला, मुख्यतः सासष्टीत. 1616 मध्ये राचोलला छापलेलं त्याचं 'क्रिस्तपुराण' आपण सगळ्यांनी इतिहासाच्या पेपरसाठी पाठ केलंय: सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग, रोमन लिपीत छपाई. पण त्याच काळात त्याच्या संघाचे लोक युरोपात काय करत होते, हे पेपरमध्ये नसतं.

1588 मध्ये लुईस दे मोलिना या स्पॅनिश जेझुइटाचं कृपा आणि इच्छास्वातंत्र्य यांचा मेळ घालणारं पुस्तक निघालं. डोमिनिकन संघाचा दोमिंगो बान्येझ त्याच्यावर तुटून पडला. प्रकरण पोपपर्यंत गेलं आणि रोममध्ये 1598 पासून 1607 पर्यंत चर्चा चालली.

मोलिनाचं म्हणणं मी असं समजून घेतलं. माझी आई मला ओळखते. परीक्षेच्या आदल्या दिवशी हातात कादंबरी पडली तर मी ती वाचत बसणार, हे तिला पक्कं माहीत असतं. पण तिच्या माहीत असण्यामुळे मी वाचत नाही, मी माझ्या मर्जीने वाचते. देवाला तर प्रत्येक माणूस प्रत्येक परिस्थितीत मोकळेपणाने काय करेल हे पूर्ण ठाऊक आहे आणि त्यानुसार तो योजना करतो. या उदाहरणातली उणीव अशी की आई फक्त ओळखते. देव परिस्थितीही घडवतो, मलाही घडवतो.

बान्येझचं म्हणणं साहित्याच्या विद्यार्थ्याला जास्त जवळचं वाटेल. देव हा नुसता जाणकार वाचक नाही, तो लेखकासारखा आहे. चांगल्या कादंबरीतलं पात्र जे करतं ते पूर्ण त्याचंच असतं आणि पूर्ण लेखकाचंही असतं. पन्नास टक्के याचं, पन्नास टक्के त्याचं असं वाटप होत नाही. देवाची कृपा इच्छेला अशी हलवते की ती मोकळेपणानेच हलते. उणीव इथेही आहे: पात्राला दुखत नाही. आपल्याला दुखतं.

1607 मध्ये पोप पाचवे पॉल यांनी काय निकाल दिला? कुणालाच विजयी घोषित केलं नाही. दोन्ही मतं शिकवता येतील, मात्र एकमेकांना पाखंडी म्हणायचं नाही, असं सांगून सगळ्यांना घरी पाठवलं. मला आधी ही पळवाट वाटली. पण विचार करा, कृपा सोडायची नाही आणि स्वातंत्र्यही सोडायचं नाही, एवढं मात्र चर्चने पक्कं धरलं. दोन्ही टोकं हातात ठेवली आणि मधली गाठ आपल्याला दिसत नाही हे कबूल केलं.

त्यानंतर नऊ वर्षांनी क्रिस्तपुराण आलं. त्यात आदामाची गोष्ट आहे, मरियेची आहे, ख्रिस्ताची आहे, आणि ऐकणारे मध्येमध्ये पाद्रीला शंका विचारतात. पुराण ऐकणाऱ्याला शेवट माहीत असतो. आदाम फळ खाणार हे ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे. तरी त्या क्षणी आदामाचा हात त्याचाच आहे, नाहीतर गोष्टीत अर्थच उरला नसता. मरियेकडे देवदूत येतो तेव्हा देवाची योजना युगायुगांची असते, पण योजना तिच्या होकाराची वाट बघते. रोमच्या नऊ वर्षांच्या चर्चेत जी गाठ दिसली नाही, ती गोष्ट सांगताना निदान जाणवते.

वेगळी चूल

दुसरं उदाहरण आपल्या अगदी ओळखीचं. 10 फेब्रुवारी 1895 रोजी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला नाही. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून त्याही होतील, असं घडलं नाही. त्या दूर राहिल्या, खूप दुःख सोसलं. पुढे नगरला टिळकांच्या जवळ आल्या तरी सोवळं सांभाळून स्वतःची चूल वेगळी ठेवली. मग हळूहळू, जातपात देवाने केली की माणसांनी, असा विचार त्यांच्याच मनात सुरू झाला आणि काही वर्षांनी त्यांनी स्वतः होऊन निर्णय घेतला. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी हे सगळं हसतखेळत सांगितलंय.

टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये गेले, त्याची मुळं कॅल्विनच्या परंपरेत होती. त्या परंपरेतला माणूस म्हणेल की लक्ष्मीबाईंना देवाने आधीच निवडलं होतं. मी म्हणेन की त्यांनी निवडलं. पुस्तक वाचताना मात्र या दोन वाक्यांत भांडण दिसत नाही. कुणी ओढून नेलं नाही आणि कुणी सोडूनही दिलं नाही. वेगळी चूल हे त्यांचं स्वातंत्र्य होतं. ती चूल मोडायची घाई न करणं ही कृपा होती, असं मला वाटतं.

माझ्या आयुष्यात हे इतकं नाट्यमय नाही. महिन्याची असताना माझा स्नानसंस्कार झाला, मला कुणी विचारलं नाही. मराठी भाषाही अशीच मिळाली. आमचं मूळ गाव वैजापूर तालुक्यातलं, आजोबा कामासाठी हैदराबादला आले आणि आजीने घरात मराठी सोडली नाही. पण शाळा इंग्रजी, रस्ता तेलुगू. मराठी चालू ठेवायची की नाही, हे पुढे मलाच ठरवावं लागलं. श्रद्धेचंही तसंच. दृढीकरणाच्या वेळी मी माझ्या तोंडाने 'हो' म्हटलं. आधी देणगी, मग होकार. होकार माझाच आहे, पण देणगी नसती तर 'हो' कशाला म्हटलं असतं?

पुन्हा त्या रस्त्यावर

आता मूळ प्रश्न. डिसेंबर 2016 मध्ये या स्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने पाच जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावली. सगळंच आधी लिहिलेलं असतं तर या खटल्याला काय अर्थ होता? सायकल ठेवणाऱ्याचा हात 'नेमलेला' होता असं म्हटलं, की गुन्ह्याचं खापर देवावर फुटतं. ऑरेंजच्या धर्मसभेने 529 मध्ये नेमकी हीच वाट बंद केली. ते माणसांनी केलं. ती माणसं न करण्याला मोकळी होती. एवढं तरी मी ठामपणे म्हणू शकते.

आणि गेलेले? त्यांच्याबद्दल ट्रेंटचा तिसरा मुद्दा. निवडलेल्यांची यादी माझ्याकडे नाही. चर्चने हजारो संत जाहीर केले, पण एकाही माणसाचं नाव घेऊन 'हा नरकात आहे' असं कधी जाहीर केलं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 मध्ये स्पष्ट म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. 1992 चा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ सांगतो की देव कुणालाही नरकासाठी नेमत नाही, आणि त्याच्या सनातन योजनेत प्रत्येक माणसाचा मोकळा प्रतिसाद धरलेला असतो.

मग त्या संध्याकाळी एकाला उशीर झाला आणि दुसऱ्याला झाला नाही, याचं कारण? ते मला या कुठल्याच पानावर मिळालं नाही. मिळालं ते एवढंच: 'देवानं राखलं' हे आभाराचं वाक्य आहे, हिशेबाचं नाही. आभार मानताना माणूस स्वतःबद्दल बोलतो. तेच वाक्य दुसऱ्याच्या घरी नेलं, की त्याचा अर्थ 'तुमच्याला नाही राखलं' असा होतो आणि ते खोटं पडतं. पूर्वनेमणुकीची सगळी शिकवण मला अशी वाचावीशी वाटते. पौल ती सांगतो तेव्हा तो आभार मानत असतो. आपण तिच्यावरून लोकांची विभागणी करायला बसलो, की तिचं नशीब होतं.

मागच्या महिन्यात मी आजीला हे सगळं सांगितलं. मोलिना, बान्येझ, सगळं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "एवढं मला कळत नाही. पण तू विचारलंस ना, तेव्हापासून मी त्या दिवशीच्या लोकांसाठी रोज एक दशक म्हणते. नावं माहीत नाहीत, तरी म्हणते."

बारा वर्षं. मला वाटत होतं तिने माझा प्रश्न टाळला. नावं माहीत नसताना कुणासाठी प्रार्थना करणं म्हणजे त्यांचं ठरून गेलं, असं मानायला नकार देणं. त्या रात्रीपासून मीही तिच्याबरोबर ते दशक म्हणते.

मंडळाच्या बैठकीत चर्चेसाठी

1. 'नशीब', 'प्रारब्ध' आणि 'नेमणूक' या शब्दांत तुम्ही रोज बोलताना काय फरक करता?
2. 'स्मृतिचित्रे'मधला लक्ष्मीबाईंचा निर्णय तुम्हाला अचानक वाटतो की हळूहळू घडलेला? पुस्तकातले प्रसंग सांगून बोला.
3. लेखक आणि पात्र यांचं नातं देव आणि माणूस यांच्या नात्याला कुठपर्यंत लागू पडतं?